माथ्यावरचं ऊन आणि पश्चिमेची भिंत : वर्धा जिल्ह्यातल्या एका घरकुलाचा प्रकरण अभ्यास

सेलू तालुक्यातलं एक गाव. एकाच आवारात दोन घरं उभी आहेत. मागच्या सांदवाडीला लागून जुन्या मातीच्या घराची उरलेली एक खोली, दीड फूट जाडीच्या भिंतींची, वर कवेलू, म्हणजे कौलं. पुढे सिमेंटचं घरकुल. पूर्वेला छपरी, मग बैठकीची खोली, तिच्यामागे दहा बाय बाराची आतली खोली. नऊ इंची विटांच्या भिंती, वर चार इंची स्लॅब. घरात आजी, तिचा मुलगा (त्याला मी भाऊ म्हणतो), वहिनी आणि डिप्लोमा शिकणारा नातू. शेती कपाशी-तुरीची.

जुनं घर पाडलं त्याची कारणं कोणत्याही गावकऱ्याला विचारा, तीच मिळतील. दर उन्हाळ्यात कवेलू फेरावे लागतात आणि फेरणारा माणूस आता मिळत नाही. वानरांची टोळी एकदा छतावरून गेली की निम्मे कवेलू फुटतात. त्यात प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकुल मंजूर झालं. 2016 साली आलेल्या या ग्रामीण योजनेत सपाट भागासाठी 1,20,000 रुपयांचं साहाय्य आणि घराचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर असं गणित आहे. लोकांनी पक्कं घर मागितलं यात त्यांचं काही चुकलं असं मला अजिबात वाटत नाही. पावसात न गळणारं, विंचू-साप न शिरणारं घर ही मोठी गोष्ट आहे. पण तेच घर मे महिन्यात राहण्याजोगं उरत नाही, आणि त्याबद्दल कुठेच पुरेसं बोललं जात नाही.

आजी घरकुलात झोपतच नसे. "मले काही त्या घरात झोप येत नाही, बापा. रातभर वरून आग पडते," असं ती सांगायची. पुरुष माणसं अंगणात बाजा टाकत. प्रश्न आला तो नातीच्या बाळंतपणाचा. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. तारीख मेच्या पहिल्या पंधरवड्यातली. वहिनींनी जानेवारीतच मला विचारलं, "भाऊ, पोरगी मे महिन्यात बाळंत व्हनार हाय. आजी कूलर लावू देत नाही. मंग करावं काय आमी?"

आजीचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. बाळंतिणीला आणि तान्ह्या लेकराला गार वाऱ्याचा झोत लागू नये ही समजूत आमच्या भागात पक्की आहे. कूलर तर झोतच मारतो, आणि भर दुपारी लाइन गेली की बंद पडतो. जुन्या खोलीत सोय करावी तर ती एकच खोली, तिच्यात बियाणं, अवजारं, आजीची बाज, आणि कवेलूतून खाली पडणारी माती. बाळंतपणाची खोली घरकुलातलीच आतली खोली होणार हे ठरलेलं होतं. तान्ह्या बाळाला मोठ्या माणसासारखा घाम येत नाही, अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं. चाळीस अंशांच्या बंद खोलीत त्याला ठेवणं धोक्याचं आहे, हे आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनेही घरच्यांना बजावून सांगितलं होतं.

स्लॅब रात्री का तापतो

मेच्या दुपारी सपाट छतावर दर चौरस मीटरला सुमारे एक किलोवॅट ऊन पडतं. 25 चौरस मीटरच्या स्लॅबवर म्हणजे 25 किलोवॅट. या घराचं विजेचं कनेक्शन एक किलोवॅटचं आहे. काळवंडलेला सिमेंटचा स्लॅब यातलं बरंचसं ऊन पिऊन घेतो आणि त्याचा वरचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो. ही उष्णता चार इंच काँक्रीटमधून खाली उतरायला साधारण तीन तास लागतात. म्हणून दुपारी दोनला बाहेर सर्वांत जास्त तापलेलं असतं, पण खोलीचं छत खालून सर्वांत तापतं ते संध्याकाळी पाच-सहाला. पुढे मध्यरात्रीपर्यंत ते खालच्या माणसांकडे उष्णता फेकत राहतं. पंखा लावला तर तो छताखालचीच गरम हवा खाली आणतो.

दीड फूट मातीच्या भिंतीत हाच प्रवास बारा तासांहून जास्त चालतो. दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत बाहेर पहाट झालेली असते, आणि वाटेतच तिचा जोर ओसरलेला असतो. सेवाग्राम इथून लांब नाही. तिथली 1930च्या दशकातली बापू कुटी माती, बांबू आणि कवेलूची आहे. मेमध्ये तिच्या पडवीत दहा मिनिटं बसलं तरी फरक अंगाला कळतो. पण घरकुलाच्या बाबतीत भिंती उभ्या राहून गेल्या होत्या. जे आहे त्यातूनच वाट काढायची होती.

पश्चिमेची भिंत हे दुसरं दुखणं. पूर्वेला दार ठेवायचं म्हणून घर पूर्व-पश्चिम लांब आणि मागची भिंत थेट पश्चिमेला. तिच्यावर ना छज्जा, ना झाड. दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत ती तापत राहते, आणि त्या भिंतीला लागूनच ही आतली खोली.

लडाखचा व्हिडिओ आणि आपला अक्षांश

नातवाने लडाखमधल्या घरांचे व्हिडिओ पाहिले होते. दक्षिणेकडे मोठी काच, काचेमागे काळी जाड भिंत, भिंतीला वर-खाली झरोके. हिवाळ्यात उन्हाने भिंत तापते, काच आणि भिंत यांच्यामधली हवा गरम होऊन वरच्या झरोक्यातून खोलीत येते, खोलीतली थंड हवा खालच्या झरोक्यातून तिची जागा घेते. उन्हाळ्यात वरचा झरोका बंद करून काचेच्या माथ्यावरचं बाहेरचं तोंड उघडलं की तीच पोकळी धुराड्यासारखी खोलीतली हवा ओढून बाहेर टाकते. एकाच भिंतीत ऊब आणि गारवा दोन्ही. त्याला ते फार पटलं होतं. "आपल्या दक्षिणेच्या भिंतीले काच लावू," असा त्याचा हट्ट.

कल्पना जुनी आणि पक्की आहे. अमेरिकेत एडवर्ड मोर्स यांनी 1881 मध्ये अशा भिंतीचं पेटंट घेतलं. फ्रान्समध्ये ओदेयो इथे फेलिक्स त्राँब आणि वास्तुविशारद जाक मिशेल यांनी 1967 च्या सुमारास तिच्यावर घर बांधून दाखवलं, आणि त्राँब यांचंच नाव तिला चिकटलं. उन्हाने गारवा ही गोष्टही नवी नाही. 1878 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ओग्युस्त मुशो यांनी आरशांनी ऊन गोळा करून, त्या उष्णतेवर शोषण-यंत्र, म्हणजे उष्णतेवर चालणारं शीतयंत्र, चालवून बर्फ तयार केला होता. तशी यंत्रं आजही आहेत, पण एका घरकुलाच्या आवाक्यातली नाहीत. आपल्याला हवी होती पोकळीतून हवा ओढणारी साधी युक्ती.

दक्षिणेची काच मात्र इथे उन्हाळ्यात निकामी ठरते, आणि ते का हे या सगळ्या प्रकरणाचं मर्म आहे. लेह 34 अंश उत्तर अक्षांशावर आहे, आपण सुमारे पावणेएकवीसवर. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी बारा वाजून गेल्यावर काही मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच राहते. गावात ज्याला नवतपा म्हणतात, सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यावरचे ते नऊ दिवस, त्यांची सुरुवातही 25 मेच्या आसपासच. त्या दिवसापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य दिवसभर आपल्या उत्तरेकडून फिरतो. ईशान्येकडे उगवतो, वायव्येकडे मावळतो. दक्षिणेच्या उभ्या भिंतीवर या काळात थेट ऊन पडतच नाही.

म्हणजे ज्या दिवसांत हवा ओढण्याची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवसांत दक्षिणेची काच सावलीत. हजार रुपयांच्या काचेमागे दोन हजारांची भिंत उभारून ती मेमध्ये थंड पडून राहिली असती. मी नातवाला काठी रोवून सावल्या मोजायला सांगितलं. एप्रिलच्या सुरुवातीलाच दुपारची सावली हातभर काठीला सहा-सात बोटांवर आल्याचं त्याने पाहिलं, आणि दक्षिणेचा विषय त्याने स्वतःच सोडला. इंटरनेटवरचे बहुतेक आराखडे थंड देशांसाठी किंवा उंच पहाडांसाठी काढलेले असतात. त्यांच्यातलं तत्त्व घ्यावं, दिशा मात्र आपल्या अंगणातल्या सावलीवरून ठरवावी, असं मी गावोगाव सांगत आलो आहे.

आपल्याकडे उन्हाळ्यात ऊन सापडतं ते दोन ठिकाणी : माथ्यावर आणि पश्चिमेला. दुपारी चारच्या सुमाराला मेमध्ये सूर्य पस्तीसेक अंशांवर उतरलेला असतो आणि पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला पाचशे ते सहाशे वॅट ऊन थेट आदळतं. खोलीचा जीव नको होतो तेव्हाच. जी भिंत छळते तिच्याचकडून काम करून घ्यायचं, असं ठरलं.

काय बांधलं

पश्चिमेच्या भिंतीत, लिंटेलच्या (दारं-खिडक्यांवरच्या काँक्रीटच्या पट्टीच्या) वर, आठ फुटांवर गवंड्याने दोन झरोके काढले. प्रत्येक तीन फूट रुंद, फूटभर उंच. वर छोटी पाटी टाकून घेतली. या झरोक्यांना बाहेरून झाकणारी सहा फूट रुंद पोकळी, स्लॅबच्या वर आणखी सहा फूट नेलेली. स्लॅबच्या वरच्या भागात पाठीला अर्ध्या विटेची भिंत, दोन्ही टोकांना आधाराचे खांब. समोर, म्हणजे पश्चिमेकडे, शेडवर लावतात तो पारदर्शक फायबरचा पत्रा. काच टाळली, वानरं आहेत म्हणून. आतली पाठ सगळी काळी रंगवली. पत्रा आणि पाठ यांच्यात आठ इंचांचं अंतर.

एक गोष्ट फार जपावी लागली. ही पोकळी उन्हात तापणार, आणि तिच्या खालच्या दोन फुटांची पाठ म्हणजे खोलीचीच भिंत. तशीच ठेवली असती तर गारव्यासाठी बांधलेल्या वस्तूनेच खोली तापवली असती. म्हणून त्या भागात आधी कुटार (भुसा) कालवलेल्या मातीचा चार इंची थर दिला, त्यावर जुन्या घराचं काळं रंगवलेलं टीन. स्लॅबच्या वरच्या विटांना मात्र असा थर मुद्दाम दिला नाही. त्या विटा दुपारभर ऊन साठवतात आणि सूर्य मावळल्यावरही रात्री नऊ-दहापर्यंत पोकळीतली हवा गरम ठेवतात, म्हणजे ओढ चालू राहते. मेमध्ये खरी गरज त्या तासांना असते.

माथ्याचं तोंड पूर्वेकडे ठेवलं. उन्हाळ्यातला वारा पश्चिम-वायव्येकडून येतो. तोंड तिकडे असतं तर झळ सरळ खोलीत उतरली असती. पाठमोऱ्या तोंडावरून वारा गेला की तो आतली हवा आणखी ओढून नेतो. तोंडाला बारीक जाळी, आणि झरोक्यांना आतून प्लायच्या झडपा, दोरी ओढून उघडता-मिटता येणाऱ्या. पश्चिमेच्या भिंतीचा खालचा उरलेला भाग वहिनींनी आणि भाऊंनी तुराट्यांचा कूड उभारून झाकला. भिंतीपासून हातभर लांब, मध्ये हवा खेळती.

आता हवा बाहेर ओढली तर आत कुठली येणार? मेच्या दुपारी बाहेरची हवा 44 अंशांची. ती नुसती आत घेतली तर खोली भट्टी होईल. उत्तरेच्या खिडकीबाहेर कडुनिंब आहे. त्या तीन बाय चारच्या खिडकीला वाळ्याच्या मुळांची ताटी बसवली, पाण्याने ओली ठेवायची. आपल्या भागात मेमध्ये दुपारची हवा इतकी कोरडी असते की आर्द्रता पंधरा टक्क्यांच्या आसपास येते. अशा 44 अंशांच्या हवेचं ओल्या कापडाने घेतलेलं तापमान, म्हणजे पाणी उडून ती जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते ते, 23 अंश भरतं. ताटीतून हळू येणारी हवा तिथपर्यंत पोचत नाही, पण 31-32 पर्यंत सहज उतरते.

ताटी विणताना तिचा दाटपणा फार महत्त्वाचा ठरला. उन्हाने तापलेल्या हवेची ओढ फार नाजूक असते. आठ फुटांच्या पोकळीत हवा बाहेरच्यापेक्षा आठेक अंशांनी गरम झाली तरी मिळणारा दाब एका पास्कलपेक्षा (दाबाचं अगदी छोटं एकक) कमी. कूलरसाठी विणतात तशी गच्च ताटी लावली की हवा अडलीच. म्हणून मोठी खिडकी आणि समोरचा माणूस दिसेल इतकी झिरझिरीत ताटी. तिच्यावर भोकं पाडलेला नळ, वर टाकीसारखा ठेवलेला माठ, थेंबथेंब पाणी. वीज कुठेच नाही.

उरला स्लॅब. त्यावर चुन्याचे दोन हात दिले. ताजा चुना सत्तर टक्क्यांहून जास्त ऊन परत पाठवतो. नातवाला इथे शंका आली : काळं करून ऊन घ्यायचं म्हणता, मग स्लॅब पांढरा कशाला? प्रश्न रास्त होता. जिथली गरम हवा थेट बाहेर जाते ती जागा काळी हवी. जिथली उष्णता माणसांवर उतरते ती जागा पांढरी हवी. या घरात काळी जागा सगळी मिळून पन्नासेक चौरस फुटांची, बाकी सगळं पांढरं.

मे महिना

एप्रिल संपायच्या आत काम झालं. मुलगी मेच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली आणि तीन दिवसांनी बाळाला घेऊन त्या खोलीत आली.

आजीचा या सगळ्यावर विश्वास नव्हता. बाळंतिणीची धुरी घ्यायची वेळ आली तेव्हा तिने ओवा-वेखंडाची धुरी खोलीत फिरवली, आणि धूर सरळ वर चढून पश्चिमेच्या झरोक्यांत शिरताना पाहिला. एरवी तो खोलीत तासभर कोंडून राहायचा, डोळे चुरचुरायचे. "पाय ना, धूर कसा सीधा चालला. अन् वारा तं अंगाले लागत नाही," ती म्हणाली. तिने एका वाक्यात या रचनेचं नेमकं वर्णन केलं होतं. मी कागदावर काढलेला हिशेब असा : कडक उन्हात पोकळीतून सेकंदाला साधारण सातवा हिस्सा घनमीटर हवा जाते, म्हणजे खोलीतली सगळी हवा चार-पाच मिनिटांत बदलते. कूलर याच्या कितीतरी पट हवा फेकतो. त्याच्याशी बरोबरी होऊच शकत नाही. पण इथे झोत नकोच होता. बाळंतिणीच्या खोलीला हवी होती ती संथ, सतत, अंगाला न जाणवणारी हवा. ओढीचा नाजूकपणा याच घराच्या कामी आला.

आदल्या वर्षीच्या मेमध्ये संध्याकाळी सहाला ही खोली नातवाच्या तापमापकावर चाळीसच्या खाली येत नसे. या मेमध्ये बाहेर 44 असताना तीच खोली 34-35 वर राहिली, जुन्या मातीच्या खोलीच्या बरोबरीने. याचं श्रेय कोणाला किती, हे मला अगदी वेगळं काढून सांगता येणार नाही, कारण चुना, कूड, ताटी आणि पोकळी एकत्रच काम करत होती. माझा कल असा की दिवसा चुन्याचा वाटा सर्वांत मोठा, आणि संध्याकाळनंतर पोकळीचा. 34-35 अंश म्हणजे काही गारवा नव्हे. बाळाला सुती झबलं घालून, दर थोड्या वेळाने अंगावर पाजून, वहिनी लक्ष ठेवून असायच्या. पण चाळीस आणि चौतीस यांत बाळंतिणीला झोप लागणं आणि न लागणं इतका फरक असतो.

पाणी किती लागलं, हे आमच्या भागात कोणीही आधी विचारतं. हिशेबाने तासाला तीन लिटर. दुपारी अकरा ते सहा धरलं तर दिवसाला दोन हंडे. वहिनी विहिरीवरून आणत. मेच्या अखेरीस विहीर तळाला गेली तेव्हा दोन दिवस ताटी कोरडी राहिली. त्या दिवसांत त्यांनी उत्तरेची खिडकी अन् झडपा दोन्ही बंद ठेवल्या आणि संध्याकाळी सातनंतरच उघडल्या. ते अगदी बरोबर होतं. कोरड्या ताटीतून 44 अंशांची हवा ओढून घेण्यापेक्षा बंद खोली बरी.

हे घर चालतं ते वहिनींच्या वेळापत्रकावर. पहाटे सगळी दारं-खिडक्या सताड उघडी. सकाळी आठला बंद. अकराला ताटी ओली, झडपा उघड्या. सूर्य मावळल्यावर ताटी वर गुंडाळायची आणि बाहेरची हवा खोलीपेक्षा गार झाली की सगळं पुन्हा उघडायचं. मग रात्री नऊ-दहापर्यंत तापलेल्या विटा खोलीतून हवा ओढतात आणि भिंती थोड्या निवतात. दोन दिवस त्या माहेरी गेल्या तर भाऊंनी दुपारी खिडक्या उघड्या टाकल्या आणि खोली पूर्ववत तापली. अशा घरांबद्दल लिहिताना हे श्रम लपवू नयेत. वीज वाचते, पण कोणाच्या तरी लक्ष ठेवण्याच्या बळावर वाचते, आणि आपल्याकडे ते कोणीतरी बहुतेक वेळा घरची सून असते. मी भाऊंना आणि नातवाला झडपांचं काम वाटून घ्यायला सांगितलं. नातवाने सकाळचं घेतलं आहे.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. मृगाचा पाऊस पडला की ताटी काढून ठेवायची. हवा आधीच दमट, ओल्या ताटीने उबारा वाढतो आणि डास येतात. ढगांमुळे ओढही मंदावते. जुलै-ऑगस्टमध्ये ही रचना जवळजवळ निरुपयोगी आहे. झरोके उघडे ठेवून स्वयंपाकाची वाफ बाहेर जाते, तेवढंच.

हिवाळा

डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे रात्री आठ-दहा अंशांवर उतरतात. सिमेंटची खोली तेव्हा उलटी वागते, पहाटे गोठते. आजीचे गुडघे धरतात.

नातवाने विचारलं, पश्चिमेच्या पोकळीतली गरम हवा हिवाळ्यात खोलीत का आणायची नाही? त्याचं उत्तर झरोक्यांच्या उंचीत आहे. पोकळी सगळी झरोक्यांच्या वर आहे आणि गरम हवा आपणहून खाली येत नाही. पंखा लावून ढकलता येईल, पण दोन महिन्यांसाठी तो खर्च मला योग्य वाटला नाही. हिवाळ्यात झडपा घट्ट मिटायच्या, बस.

आता दक्षिणेची पाळी. 22 डिसेंबरला दुपारी सूर्य दक्षिणेला 46 अंशांवर असतो, म्हणजे उभ्या भिंतीवर चांगला तिरपा पडतो. दक्षिणेच्या भिंतीत आधी दोन फुटी झरोका होता. त्याची चार फूट उंच, पाच फूट रुंद काचेची खिडकी केली आणि तिच्या अर्धा फूट वर दोन फुटी छज्जा टाकला. डिसेंबरमध्ये या छज्ज्याची सावली खिडकीचा वरचा दीड फूट झाकते, खालचे अडीच फूट ऊन आत येतं. 21 मार्चला दुपारचा सूर्य 69 अंशांवर चढतो आणि सावली पूर्ण खिडकी झाकते. तिथून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत त्या काचेतून थेट ऊन आत येत नाही. छज्ज्याला कोणी उघडायला-मिटायला लागत नाही.

खिडकीखाली काळ्या दगडाची फरशी बसवली. दिवसभरात त्या खिडकीतून सुमारे चार युनिट विजेइतकी उष्णता आत येते. हजार वॅटची शेगडी चार तास चालवावी इतकी. फरशी संध्याकाळपर्यंत कोमट राहते. रात्री काचेवर जुन्या गोधडीचा पडदा ओढावाच लागतो, नाहीतर काचेतूनच ऊब निघून जाते. पहाटेची खोली पूर्वीपेक्षा तीन-चार अंशांनी उबदार असते. आजी दुपारी त्या उन्हात पाय पसरून बसते, आणि गेल्या हिवाळ्यात रात्रीही घरकुलात झोपली.

खर्च, डागडुजी आणि पुढचं घर

पोकळी, झरोके, खिडकी, छज्जा, चुना असं सगळं मिळून सोळा-सतरा हजार रुपये लागले. टीन जुन्या घराचं होतं, कूड शेतातल्या तुराट्यांचा, आणि भाऊंची मजुरी धरलेली नाही. चुना दर वर्षी होळीनंतर द्यावा लागतो, कारण धूळ आणि पाऊस त्याचा पांढरेपणा खातात. फायबरचा पत्रा चार-पाच वर्षांत पिवळा पडून बदलावा लागेल. ताटी दर साल नवी.

वानरांनी अपेक्षेप्रमाणे पोकळीच्या माथ्यावरची टोपी वाकवली. भाऊंनी तिच्यावर बाभळीच्या काट्यांच्या फांद्या बांधल्या, तेव्हापासून ती टोळी शेजारच्या छतावरून जाते. जाळीत गांधीलमाश्यांनी घर केलं होतं, ते दिवाळीत काढलं. वर्षातून दोनदा तोंड झाडून घ्यावंच लागतं, नाहीतर ही नाजूक ओढ एवढ्यातेवढ्याने अडते.

तयार घराला जे सोळा हजारांत जोडलं, ते बांधतानाच केलं असतं तर निम्म्यात झालं असतं असा माझा अंदाज आहे. झरोके फोडावे लागले नसते, छज्जा स्लॅबबरोबरच ओतला गेला असता. घरकुलाचा आराखडा गावात येतो तेव्हा त्यात खोल्यांची मापं असतात, पण पश्चिमेच्या भिंतीचं काय करायचं याबद्दल एक ओळही नसते. विदर्भात हजारो घरकुलं याच पद्धतीने उठत आहेत, आणि प्रत्येकात कोणीतरी आजारी, म्हातारं किंवा बाळंतीण मे महिना काढत असते. ग्रामपंचायतीच्या अभियंत्याने पायाभरणीच्या दिवशी अंगणात एक काठी रोवून घरच्यांबरोबर सावली पाहिली तरी पुष्कळ होईल. त्याला पैसा लागत नाही.

या गावात भाऊंच्या चुलत्याचं घरकुल मंजूर झालं आहे. जागा अरुंद असल्याने तेही पूर्व-पश्चिमच बसणार. वहिनी तिथे जाऊन चुलतीला झडपा आणि ताटीचं सगळं समजावून आल्या आहेत. पश्चिमेच्या भिंतीत आठ फुटांवर दोन झरोके सोडायचे, स्लॅबच्या सळया त्या बाजूला वर काढून ठेवायच्या आणि दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा टाकायचा, हे गवंड्याशी बोलून झालं आहे. कडुनिंब तिथे नाही. उत्तरेच्या खिडकीसाठी मांडव घालायचा की शेवगा लावायचा, यावर दोन्ही घरांत अजून चर्चा चालू आहे. शेवगा लवकर वाढतो, पण उत्तरेची बाजू मेमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरप्या उन्हात असते, तेव्हा पहिल्या दोन उन्हाळ्यांपुरता तरी मांडव घालावा असं मी सुचवलं आहे.